"काय चुकलं?" एवढं विचारून भागतं का? गिर्यारोहणातले अपघात आणि तयारीची हद्द

आडवाट

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहूनच टाकतो.

मागच्या हंगामात एका कड्यावरून दोर दुपदरी करून रॅपलिंग करत होतो, म्हणजे दोरावरून खाली उतरत होतो. असं उतरणं आजवर शेकड्याने झालं असेल, नवख्यांना शिकवलंही आहे. दोर साठ मीटरचा, दोराच्या मध्यावरची खूण अँकरच्या (कड्यात पक्क्या केलेल्या आधाराच्या) कडीत बसवलेली, मी स्वतः पाहिलेली. बराच खाली आल्यावर पाय टेकायची जागा बघायला वाकलो, तर दोराचं एक टोक माझ्या हातापासून हातभर खाली संपलेलं! दुसरं टोक खालच्या टप्प्यावर आरामात पडलं होतं. गाठ कुठल्याच टोकाला नव्हती, म्हणजे दोर संपला तरी मला अडवणारं काही नव्हतं.

"टोकांना गाठी मारल्याशिवाय दोर टाकायचा नाही," हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता माझं मलाच ऐकू येत नाही बहुतेक. त्या दिवशी का मारली नाही? आदल्या आठवड्यात याच गाठी कपारीत अडकल्या होत्या, दोर सोडवण्यात तासभर गेला होता आणि शेवटचा टप्पा अंधारात उतरावा लागला होता. या वेळी पुन्हा संध्याकाळ होत आली होती. म्हणजे विसरलो नव्हतो. विचार करून मारली नव्हती. तेच मला खातंय.

आणखी एक. ही गोष्ट मी तीन महिने कुणालाच सांगितली नाही. वर अँकरपाशी उभ्या असलेल्या सोबत्यालासुद्धा नाही. आखूड टोक खाली ओढून बरोबरी केली, उतरलो आणि "ये" म्हणून हाक मारली.

अपघाताची बातमी आली की आपण पहिल्या तासात विचारतो, काय चुकलं? मनातून हवं असतं ते असं की त्यांनी अमुक केलं, जे मी कधी करत नाही. ते सापडलं की जीव भांड्यात पडतो.

आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराचं उदाहरण बघा. 14 जुलै 1865. एडवर्ड व्हिंपरसह सात जण पहिल्यांदाच त्या माथ्यावर पोचले. उतरताना सगळ्यात नवखा हॅडो घसरला आणि पुढच्या मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळला. पाठोपाठ हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं राहिले. नंतर निघालं ते असं की तुटलेला दोर त्यांच्याजवळच्या दोरांत सगळ्यात कमकुवत होता. यावर दीडशे वर्षं चर्चा चालू आहे. पण तिथे भक्कम दोर असता तर वरच्या तिघांनी चौघांचा हिसका पेलला असता, की सातही गेले असते? जिला आपण चूक म्हणतो तिच्यामुळेच तिघं वाचले असतील, असंही होऊ शकतं.

तर, तयारी नेमकी कुठवर साथ देते? अनुभव लिहा. पुस्तकी उत्तरंही चालतील.

घसारा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. एवढं तत्त्वज्ञान कशाला? गाठ मारली नाही, एवढीच गोष्ट आहे.

27 नोव्हेंबर 2019, मेक्सिको. ब्रॅड गोब्राइट आणि त्याचा जोडीदार एकाच दोराच्या दोन बाजूंनी एकाच वेळी उतरत होते. टोकं सारखी नव्हती, गाठी नव्हत्या. गोब्राइट गेला, जोडीदार खालच्या टप्प्यावर पडून वाचला. हुबेहूब तुमचंच चित्र. गोब्राइट जगातल्या अव्वल आरोहकांपैकी होता. तुमच्याकडे कारण होतं म्हणता, पण दोराला त्याचं काय?

माझं मत असं की नव्वद टक्के अपघात निव्वळ हलगर्जीपणाचे. (टक्केवारी माझीच, कुणी पुरावा मागू नये.)

सेकंडमॅन

घसारा, "अव्वल आरोहक" म्हणालात आणि पुढे गेलात. थोडं तिथेच थांबा की. त्याला काय गाठ मारता येत नव्हती?

अमेरिकन आरोहक लिन हिल यांची गोष्ट माहीत असेलच. 1989, फ्रान्समधला ब्यूचा कडा. दोर हार्नेसमधून (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यातून) ओवला आणि गाठ पुरी व्हायच्या आत त्या बूट घालायला वळल्या, बोलणं निघालं. मार्ग सोपा, अंग मोकळं करायला घेतलेला. चढून गेल्या, वर पोचल्यावर खाली यायला मागे रेलल्या आणि थेट कोसळल्या. वीस मीटरहून जास्त. झाडाच्या फांद्यांनी झेललं म्हणून वाचल्या. जगातल्या सर्वोत्तम आरोहकांत त्यांचं नाव होतं. पुढे 1993 मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटान कड्यावरचा 'नोज' हा मार्ग पहिल्यांदा फ्री क्लाइंब केला (दोर फक्त पडलं तर अडवायला, चढायचं हातापायांनीच) तो त्यांनीच.

यात अज्ञान कुठे आहे? उलट हात इतके सरावलेले की डोक्याची गरजच पडत नाही. नवखा माणूस गाठ मारताना जीभ बाहेर काढून गाठीकडेच बघत असतो. सराईताची गाठ गप्पा मारता मारता होते, आणि अर्धवटही तशीच राहते.

जोडीदाराने तपासायचं हा त्यावरचा उपाय, मान्य. पण आठवून सांगा, ती तपासणी कशी होते? एकमेकांच्या कमरेकडे बघायचं, मान हलवायची, निघायचं. डोळ्यांना जी गाठ दिसायला हवी असते तीच दिसते. मी हल्ली "तपासलंस ना?" विचारत नाही. "दाखव" म्हणतो आणि हात लावून ओढून बघतो. लोक चिडतात. चिडू देत.

हिमरेषा

धागाकर्त्याच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकला तो "शेकड्याने" हा शब्द.

मी बर्फातली माणूस आहे, म्हणून बर्फाचंच सांगते. ज्या हिमस्खलनांत माणसं जातात त्यांतली बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमके चढायला आणि स्कीइंगला चांगले वाटणारे उतार. बर्फाच्या थरांत एखादा भुसभुशीत थर दडलेला असतो आणि त्यावर घट्ट पाटी बसलेली असते. दहापैकी नऊ वेळा ती पाटी मोडते ती सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्यांच्या वजनाने. पण पाटीची जाडी सगळीकडे सारखी नसते. अकरा जण त्याच उतारावरून सुखरूप जातात, बारावा दोन हात डावीकडून जातो आणि नेमका पातळ जागी पाय ठेवतो.

आता त्या अकरा जणांनी काय शिकलं? की उतार पक्का होता, आपला अंदाज बरोबर ठरला. पुढच्या वेळी ते जास्त विश्वासाने जातात. उताराने त्यांना काहीच सांगितलेलं नसतं, तो नुसता गप्प बसलेला असतो. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं. डोंगरात चुकीचा निर्णय घेऊनही बहुतेक वेळा माथा मिळतो, फोटो मिळतात आणि वर "अनुभवी" ही पदवी मिळते. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे कधी कधी वीस वर्षं साथ दिलेलं नशीब असतं, आणि दोन्हींत फरक कसा करायचा ते आतून कळत नाही.

इयान मॅककॅमन यांनी अमेरिकेतल्या 1972 ते 2003 मधल्या 715 हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी चाळल्या. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते हे की धोक्याच्या खुणा समोर असूनही लोक पुढे गेले. कारणं अगदी घरगुती. जागा ओळखीची होती, आधी ठरलेलं होतं, गटातला जाणकार काही बोलला नाही, दुसरे लोक पुढे निघाले होते. प्रशिक्षण घेतलेलेसुद्धा ओळखीच्या जागी सैलावले.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं ही सगळी गाडलं गेल्यानंतरची तयारी. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बरेच वाचतात, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने कोसळते.

आणि हे सगळं ज्यांना पाठ होतं तेही जातात. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा 2 या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी माथ्याजवळ हिमस्खलनात सापडली. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. सविता कंसवाल त्या तुकडीत प्रशिक्षक होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांच्या आत केले होते. ती तर तयारीच चालली होती हो. घसारा, इथे हलगर्जीपणा शोधायला जाऊ नका, प्लीज.

शंकेखोर

वाचतोय. पण मग करायचं काय? घरी बसायचं, की नशिबावर हवाला ठेवून निघायचं? दोन्हीकडून तयारीचा उपयोग नाही असंच निघतंय.

प्राणवायू

शंकेखोर, उपयोग आहे. पण ती तयारी ठेवता कुठे ते बघा.

पेशाने डॉक्टर आहे, दोन मोहिमांबरोबर तळछावणीपर्यंत गेलो आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. स्नायूंचा सराव करता येतो, काही आठवडे देऊन शरीराला उंची थोडीफार अंगवळणीही पाडता येते. पण सगळं शिक्षण आणि सगळे नियम ज्या मेंदूत साठवलेले असतात तोच विरळ हवेत आधी ढेपाळतो. आणि ढेपाळलाय हे त्यालाच कळत नाही.

मेंदूला सूज यायला लागली की माणूस अडखळतो, चिडतो किंवा गप्प होतो. विचारलं तर "मी ठीक आहे." बोलण्यावर जाऊ नका, चालायला लावा. सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत. तोल जात असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, खाली न्या. औषध आणि प्राणवायू द्या, पण ते खाली न्यायला वेळ मिळावा म्हणून.

1921 ते 2006 या काळातल्या एव्हरेस्टवरच्या मृत्यूंचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 8000 मीटरच्या वर मरण पावलेल्यांपैकी बहुतेक जण उतरताना गेले. अतोनात थकवा, मागे पडणं, गोंधळलेलं वागणं, माथ्यावर उशिरा पोचणं या गोष्टी त्यांच्यात ठळक होत्या. म्हणून निर्णय खाली, डोकं ताळ्यावर असताना घ्यायचे. परतायची वेळ कागदावर लिहायची.

सेकंडमॅन

डॉक्टर, ती वेळ 1996 ला एव्हरेस्टवरही ठरलेलीच होती. उशिरात उशिरा दुपारी दोन. एका मोहिमेचा म्होरक्या रॉब हॉल, त्याच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नसेल. त्याचा ग्राहक डग हॅन्सन माथ्यावर पोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि हॉल त्याच्यासाठी थांबला होता. त्याआधीच्या वर्षी याच हॅन्सनला याच हॉलने माथ्याच्या जवळून परत फिरवलं होतं. नियमानुसार. तो मुकाट परतला आणि पुन्हा पैसे जमवून आला. आता अशा माणसाला दुसऱ्यांदा "फीर मागे" कोण म्हणेल? मी म्हटलं असतं का, खरंच ठाऊक नाही. 10 आणि 11 मेच्या त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले, हे दोघेही त्यात.

प्राणवायू

खरं आहे. लिहिलेली वेळ पाळायला त्या वेळी तिथे असा कुणीतरी हवा ज्याला त्या माथ्याशी काही देणंघेणं नाही. तसा माणूस तिथवर जाईलच कशाला, हा प्रश्न उरतोच.

बावीस केएन

उपकरणांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर) 22 किलोन्यूटन, म्हणजे ती किती जोर पेलेल ते, छापलेलं असतं ते बघून लोक निर्धास्त होतात. दोर ताणला जातो म्हणून पडणाऱ्याला मऊ अडवतो. डायनिमा या धाग्याची स्लिंग (जोडून घ्यायचा पट्टा) जवळपास ताणतच नाही. अँकरला अशा स्लिंगने जोडून घेऊन अँकरच्या वर चढलात आणि तिथून पडलात, तर जेमतेम मीटरभराचं पडणंही जीवघेणा हिसका देतं. त्यात स्लिंगला गाठ असेल तर ती तुटूही शकते. छापलेला आकडा खोटा नसतो. तो हळूहळू ताण देऊन मोजलेला असतो आणि आपण पडतो धाडकन.

दुसरं, अमेरिकन आरोहक टॉड स्किनर. ऑक्टोबर 2006, अमेरिकेतलं योसेमिटी. तो कोसळून गेला. हार्नेसचा बिले लूप (पुढचा, सगळा भार घेणारा फास) झिजून तुटला. झीज दिसली होती, बोलणं झालं होतं, नवीन हार्नेस मागवलेलाही होता. तो येईपर्यंत जुन्यावर चालवायचं. हे वाचल्यापासून "येईपर्यंत चालवू" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्याही ट्रंकेत तशी एक स्लिंग होती. तिथल्या तिथे कापून टाकली, नाहीतर कुणीतरी उचलून वापरली असती.

आडवाट, एक साधा प्रश्न. मधली खूण कडीत होती तर एक टोक आखूड कसं पडलं? दोर सरकला का?

आडवाट

तेच कळत नाहीये. सरकला नसावा, सोबती वरच होता. हिमरेषा यांच्या पोस्टवर अजून विचार करतोय.

शंकेखोर यांना माझ्यापुरतं उत्तर. तयारीने आपल्याला थोडी ऐसपैस जागा मिळते, चुकलं तरी सावरण्याइतकी. पण जागा मिळाली की आपण ती वापरून टाकतो. चांगला दोर मिळाला, अवघड मार्ग घेतला. हवामानाचा अंदाज हातात आला, दोन वादळांच्या मधली फट शोधली. जेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञाने म्हटलंच होतं की माणूस स्वतःला मानवेल इतका धोका ठेवतोच, एकीकडे कमी केला तर दुसरीकडे वाढवतो. सगळीकडे हे लागू होत नसेल, पण माझ्या डायरीत मला ते स्वच्छ दिसतं.

परतवाट

इथे सहसा लिहीत नाही.

माझा सोबती सहा वर्षांपूर्वी गेला. नाव आणि शिखर लिहीत नाही. घळीतून आडवं जायचं होतं, वरून दगड आला. मी दोराच्या दुसऱ्या टोकाला होते.

नंतर लोकांनी विचारलं. हेल्मेट होतं का? होतं. पहाटे निघालात का? तीनला निघालो होतो, ऊन लागून दगड सुटायच्या आत पार व्हायचं म्हणून. मार्ग माहीत होता का? त्याने आधी दोनदा केला होता. मग एकाने लिहिलं, "त्या मार्गाने जायलाच नको होतं." ही एकच चूक हाती लागली की समजावं, बाकीच्या शोधून झाल्या आहेत.

आडवाट यांनी लिहिलंय ते खरं आहे, लोक स्वतःला धीर देत असतात. मला त्याचा राग येत नाही आता. तेव्हा आला होता.

त्या घळीत आम्ही चार मिनिटं होतो. मधे तो बाटली काढायला थांबला, मीच पाणी मागितलं होतं. न थांबता तीन मिनिटं लागली असती. हे गणित मी किती वेळा केलंय ते विचारू नका. तीन मिनिटांत दगड आलाच नसता असंही नाही, कदाचित आणखी एक मिनिट आधी निघालो असतो तरी आमची आणि त्याची गाठ पडलीच असती.

एवढं मात्र करते: जिथे वरून काही येऊ शकतं तिथे थांबत नाही. पाणी नाही, फोटो नाही, बोलणं नाही. दगडाला किंवा सेरॅकला (हिमनदीच्या कडेवरच्या लटकत्या बर्फाच्या कड्याला) आपली हुशारी कळत नाही, आपण किती वेळ खाली होतो एवढाच हिशेब. 1 ऑगस्ट 2008 ला के2 वर सेरॅक तुटला, बॉटलनेक या अरुंद घळीत लावलेले दोर घेऊन गेला आणि वरचे लोक वरच अडकले. त्या मोहिमांत अकरा जण गेले. 18 एप्रिल 2014 ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू आइसफॉलमध्ये 16 जण गेले, सगळे नेपाळी कामगार. ग्राहक त्या बर्फातून मोजक्या वेळा जातो. त्याचं ओझं वाहणारा कितीतरी जास्त वेळा. एकाची तयारी कधी कधी दुसऱ्याने त्या खाली उभं राहून केलेली असते. इथे तयारीवर बोलताना हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

घसारा

परतवाट, माझी वरची पोस्ट मागे घेतो. खोडत नाही, राहू दे तशीच.

मागच्या वर्षी दिवसाच्या शेवटी हार्नेस काढायला गेलो तर कमरेचं बकल नुसतंच ओवलेलं, उलटा पट्टा परत घेतलेलाच नव्हता. दिवसभर तसाच चढलो होतो. इथे पहिल्यांदा सांगतोय.

पायवाट

घसारा, आडवाट, हे असं आधीच कुणी सांगत नाही म्हणून तर घोळ होतो. अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून दर वर्षी अपघातांचे अहवाल छापतं, त्यात लोक स्वतःच्या चुका स्वतः लिहून पाठवतात. विमानवाहतुकीत तर न झालेल्या अपघातांच्याही नोंदी ठेवतात. आमच्या गटात रात्री तंबूत शिरण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, आज कुठे नुसतं निभावलं. पहिले दोन दिवस सगळे "काही नाही" म्हणतात. तिसऱ्या दिवशी म्होरक्याने स्वतःची सांगितली की बाकीच्यांची तोंडं उघडतात. म्होरक्याने आधी सांगणं महत्त्वाचं, बाकी जमतं.

बावीस केएन

आडवाट, पिच्छा सोडत नाही म्हणून माफ करा. त्या दोराचं टोक कधी कापलं होतं का?

आडवाट

काल रात्री दोर जमिनीवर पसरून मोजला. मधल्या खुणेपासून एक बाजू 30 मीटर, दुसरी 27 ला थोडी कमी.

मग दोराची वही काढली. दीड वर्षापूर्वीची नोंद आहे: "एका टोकाचं आवरण फाटलं, 3 मीटर कापलं. मधली खूण नव्याने करणे." अक्षर माझंच. शेवटच्या वाक्यापुढे चौकोन काढलाय, खूण करायला. रिकामा आहे.

आज सोबत्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, त्या दिवशी दोर खाली हलताना त्याला दिसला होता, वाटलं मी सोडवतोय काहीतरी. आणि मग विचारलं, "तुझ्यानंतर मी उतरलो ना रे त्यावरून?"